बाबांची भिंत

परभणीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरील घरांना तडे जाणे नवीन नाही. आमच्या बैठकीच्या भिंतीलाही गेल्या उन्हाळ्यात असाच तडा गेला. आम्ही तो बुजवला, लांबी भरली. प्रश्न उरला रंगाचा. याच भिंतीवर बाबा दरवर्षी नाताळात आम्हा भावंडांची उंची पेन्सिलीने नोंदवीत. बाबा आता नाहीत. सारी भिंत रंगवली असती, तर त्या रेघाही गेल्या असत्या.

भिंतीचा रंग पिवळसर पांढरा. मूळ कंपनीची ती छटा आता मिळेना. दुसऱ्या कंपनीच्या शेडकार्डावर त्याच नावाशी मिळतीजुळती छटा होती. परंतु पांढऱ्यात पिवळा, तांबडा, काळा किती मिसळावा, हे प्रत्येक कंपनीचे गणित निराळे. अखेर भिंतीचा रुपयाएवढा पोपडा आम्ही दुकानात नेला. यंत्राने तो वाचून रंग कालवून दिला. दोन दिवस वाळल्यावर दिवसा तो जुळला. रात्री ट्यूबलाइटखाली मात्र ठिगळ हिरवट दिसले. रंगद्रव्ये भिन्न असली, की एका उजेडात एकरूप भासणारे रंग दुसऱ्या उजेडात वेगळे होतात.

पुन्हा रंगवावे काय, असे आम्ही आईला विचारले. तिने ट्यूब मालवून जुना पिवळा दिवा लावला आणि म्हणाली, "राहू द्या रे. तुमच्या बाबांना हाच उजेड आवडायचा."

वाचकहो, छटेच्या नावावर विसंबू नये. पोपडा न्यावा, दोन्ही उजेडांत पाहावा. आमचे ठिगळ अजून थोडे दिसते. रेघा मात्र शाबूत आहेत.