लेबलावरची आजी

१० एप्रिल
पापडांच्या लेबलाचा मजकूर आज ते करणाऱ्या बायकांच्या गटाला वाचून दाखवला. आजीच्या हातची चव, आईची माया, कोकणच्या मातीचा सुगंध. मुंबईत जाहिरात कंपनीत नऊ वर्षं हेच लिहिलं, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळतो. लाटणी थांबवून सगळ्यांनी ऐकलं. मग गटातल्या काकू म्हणाल्या, “कोणाची आजी?”
“अशीच. कोणाचीही.”
“माझी तर पापड करीत नव्हती. भात लावायची. पापड मी शिकले ट्रेनिंगला, गट झाल्यावर. आणि मातीचा सुगंध कसला? हिंगाचा येतो.”
घरी येऊन कागद पुन्हा वाचला. हिंग नव्हताच कुठे.

१३ एप्रिल
दिवसभर त्यांच्याबरोबर बसले. पोहे भाजून दळलेलं पीठ, उकळून गार केलेलं पापडखाराचं पाणी, मिरची, हिंग. तेलाचा हात लावत गोळा कुटतात आणि मग त्याची लांब वळकटी करतात. काकू दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधतात, दुसरं हातात धरतात आणि झपझप लाट्या पाडतात. दर दहा लाट्यांमागे एक तेलात बुडून तोंडात जाते. तो हिशोब कुठल्याच वहीत नाही.

दुपारी एका पाहुण्याने सुचवलं, विनोबांचं नाव टाका की! त्यांचा जन्म तुमच्याच गागोद्यात, ११ सप्टेंबर १८९५, फुकटची प्रसिद्धी. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण ज्या माणसाने एकादश व्रतांत अस्वाद, म्हणजे चवीसाठी न खाणं, पाळलं, त्याचं नाव मिरची-हिंगाच्या पापडावर? काकूंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की लाटी पोळपाटावरून घसरली.

२० एप्रिल
पेणला दोन दिवसांचा स्टॉल. यावेळी ठरवून गेले होते: आपण बोलायचं कमी. घेणाऱ्याला एकच विचारायचं, मागच्या खेपेला पापड कधी तळलात? “तुम्हाला काय आवडतं” असं विचारलं की माणूस शहाण्यासारखं उत्तर देतो. मागच्या खेपेचं विचारलं की गोष्ट सांगतो.

ठाण्याच्या एक बाई: मुलगा हॉस्टेलवर, तेल ठेवता येत नाही, गॅसही नाही. मित्राच्या इस्त्रीखाली पापड भाजला आणि इस्त्री गेली. एक जोडपं: सासूबाई गेल्यापासून घरात लाटणं होत नाही, पण त्यांचा डबा रिकामा ठेवायला नको वाटतं, म्हणून विकतचे भरतात. आणखी एकीने पाकीट उलटंपालटं करून विचारलं, “खार जास्त नाही ना? गेल्या वर्षी दुसरीकडून घेतले, जीभ सोलली.” आणि एक आजोबा पापड न घेताच उभे. त्यांना लाट्या हव्या होत्या, कच्च्या. लहानपणी चोरून खाल्ल्याबद्दल मार मिळाला होता. “आता कोण मारतंय,” म्हणाले.

वहीची सात पानं भरली. ‘माया’ हा शब्द एकानेही उच्चारला नाही.

२३ एप्रिल
लक्ष्मणराव किर्लोस्करांचं आठवलं. लोखंडी नांगर केला, पण शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. नांगराची कितीही स्तुती लिहिली असती तरी काय उपयोग? गिऱ्हाइकाच्या डोक्यात आधीच दुसरी गोष्ट चालू होती. पुढे १९२० साली त्याच घरातून शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. मालाची माहिती द्यायला निघालेल्या त्या पत्राचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि महाराष्ट्राने ते कथा-लेखांसाठी वाचलं.

आमचं लोखंडाचं विष म्हणजे खार. त्यावर लेबलात चकार शब्द नव्हता.

२७ एप्रिल
संध्याकाळी विनोबांच्या घरावरून आले. नाव वापरायचं नाही हे ठरलंच आहे, पण ‘गीताई’ची, त्यांच्या मराठी गीतेची, गोष्ट डोक्यातून जात नाही. आईला संस्कृत गीता कळेना. त्यांनी मराठी आणून दिली. तीही पद्यात हवी म्हणून पद्यातली आणली, तर ती अवघड. यापेक्षा सोपी नाही म्हटल्यावर माउली म्हणाली, मग तूच का करीत नाहीस? ती १९१८ साली गेली. ‘गीताई’ लिहून झाली १९३०-३१मध्ये. म्हणजे ऐकणारी नव्हती, तरी तिचं अडखळणं लक्षात ठेवून प्रत्येक ओळ बसवली. आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी गीता सांगितली ती कैद्यांपुढे. साने गुरुजींनी उतरून घेतली म्हणून आपल्याला मिळाली.

पापडाच्या पाकिटावर एवढा भार टाकू नये, कळतं मला. पण आज लिहिताना समोर ती खार विचारणारी बाई बसवली.

३ मे
ढग आले. अंगणातल्या साड्यांवरचे पापड चौघींनी पळापळ करून आत घेतले, चाळीसेक दुमडले. संध्याकाळी नवा मजकूर वाचला:

‘पोह्याचे पापड. खार बेताचा, तळून पाहा, जीभ चरचरली तर कळवा. तळायला तेल नसेल तर तव्यावर भाजा, फडक्याने दाबत. गागोदे बुद्रुकला आम्ही सातजणी करतो. तेल लावलेल्या कच्च्या लाट्या वेगळ्या मिळतील, मागून घ्या.’

काकू बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “इस्त्रीचं नाही टाकलं?”
“नको, कोणीतरी करून बघेल.”
“‘बेताचा’ असू दे. पण मग मलाच बेताने घालावा लागेल.” हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

८ मे
छापखान्यातून नमुना आला. सगळं ठीक, फक्त शेवटच्या ओळीत ‘तेल लावलेल्या कच्च्या लाठ्या’. दुरुस्तीला परत पाठवायला निघाले तर काकूंनी हात धरला. “राहू दे दोन-चार पाकिटांवर. ते आजोबा आले तर त्यांना देऊ.”