इराण्याचं माहेर, यझ्द!

बन-मस्का चहात बुडवताना ‘हे इराणी मुळात आले कुठून?’ असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मुंबईतल्या बऱ्याच इराणी कुटुंबांचं उत्तर एकच : यझ्द आणि आसपासची गावं. मध्य इराणमधलं, दोन वाळवंटांच्या मध्ये वसलेलं हे मातकट रंगाचं शहर २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

पहिल्यांदा नजरेत भरतात ते बादगीर, म्हणजे छपरावरचे वारा पकडणारे मनोरे. वरचा वारा खाली खोलीत, खोलीतली गरम हवा बाहेर. विजेचं बिल झीरो! दौलताबाद बागेतला बादगीर तर तब्बल ३३ मीटर उंच आहे.

पण यझ्दचा खरा यूएसपी म्हणजे आग. इथल्या आतश बेहराममधला अग्नी इ.स. ४७०च्या सुमारापासून जळतोय, असं मानलं जातं. राजवटी बदलल्या, अग्नीच्या जागा बदलल्या, पण तो विझू दिला नाही. आपल्याकडे अग्यारीत बिगरपारशांना प्रवेश नाही. इथे मात्र कुणीही काचेपलीकडून हा अग्नी बघू शकतं.

गंमत म्हणजे १९३४ सालची ही इमारत उभारायला पैसा गेला तो हिंदुस्तानातल्या पारशांचा. नातं त्याहून जुनं आहे. इराणमधले झरतुष्ट्री जिझिया भरत, दबून जगत होते, तेव्हा १८५४ साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं. हा माणूस वर्षानुवर्षं शहाच्या दरबारी चिवटपणे पाठपुरावा करत राहिला. अखेर १८८२ साली जिझिया रद्द झाला.

यझ्द आज मुस्लिमबहुल आहे. जामे मशिदीचे निळ्या नक्षीचे उंच मिनार आणि अमीर चखमाक चौकातला, मोहरमशी जोडलेला भलाथोरला लाकडी नख्ल बघाच. शहराबाहेरच्या टेकड्यांवरचे दोन दखमे मात्र ओस पडलेत. ती प्रथा इथे विसाव्या शतकातच थांबली. आता वर चढतात ते फक्त टुरिस्ट.

झरतुष्ट्री मूठभरच उरलेत. म्हणूनच आतश बेहराममध्ये पटकन फोटो काढून सटकू नका, दोन मिनिटं थांबा. दीड हजार वर्षांच्या त्या आगीलाही रोज कुणीतरी लाकूड घालावंच लागतं.

टिप : निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा. कडक उन्हाळा टाळा. आणि येताना पश्मक आणा, म्हातारीच्या केसांची इराणी बहीण!