पाहुण्याची जागा

दक्षिण आफ्रिकेतल्या मथाथाहून समुद्राकडे निघालं की ईस्टर्न केपच्या टेकड्यांवर गोल घरं विखुरलेली दिसतात. गवताने शाकारलेली, कुठे फिकट हिरवी, कुठे गुलाबी, कुठे आभाळाच्या रंगाची. घरासमोर गुरांचं गोल आवार असतं. इथल्या खोसा समाजातला माणूस पितरांशी बोलतो ते तिथे. घरच्या कर्त्या पुरुषाला पूर्वी पुरत तेही तिथेच. बोलावल्याशिवाय परक्याने त्यात पाऊल टाकायचं नसतं.

या संस्कृतीत मला सगळ्यात लोभस वाटते ती जागेची जाण. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पुरुष एका बाजूला बसतात, बाया दुसऱ्या बाजूला. उम्कोम्बोतीचं भांडं फिरतं तेही मानाच्या क्रमाने. मका आणि मोड आणलेली ज्वारी आंबवून बायका हे आंबूस, दाटसर पेय करतात. ही ज्वारीही मूळची आफ्रिकेचीच. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि आपली भाकर झाली. ते भांडं ओठांना लावताना परकेपण अर्धं तरी गळून पडतं.

इथे माणसाला मान द्यायचा तर त्याच्या कुळाच्या नावाने हाक मारतात. नेल्सन मंडेलांना सारा देश मादिबा म्हणायचा. ते त्यांच्या कुळाचं, थेंबू या खोसाभाषक समूहाच्या एका जुन्या राजाचं नाव. एका हाकेला किती पिढ्या ओ देत असतील!

या पिढ्यांनी भोगलंही फार. इंग्रजांनी जमिनी बळकावल्या, गुरांत साथ पसरली. अशा वेळी गुरं मारा, धान्य टाकून द्या, म्हणजे पितर उठून येतील, असं नोंगकाउसे नावाच्या कोवळ्या मुलीने सांगितलं. हतबल लोकांनी ते मानलं. 1856-57 च्या त्या काळात सुमारे 40,000 माणसं उपाशी मेली. रिकाम्या आवारांचं ते दुःख माहीत असलं की पुन्हा भरलेली आवारं पाहताना मन भरून येतं.

म्हणून पाहुण्याने इथे फक्त नाच बघायला जाऊ नये. अंगाला पांढरी माती माखलेली पुरुषत्वाच्या दीक्षेतली मुलं दूर दिसली तर कॅमेरा उचलू नये. तो विधी त्यांचा आहे. बसवतील तिथे बसावं, देतील ते प्यावं, आणि कुणी विचारलंच तर आपल्या आजी-आजोबांची, आपल्या गावाची नावं मोकळेपणाने सांगावीत. स्वतःच्या मागची माणसं सोबत घेऊन येणारा पाहुणाच इथल्या माणसांना पुरता ओळखता येतो.