पळसदेवचे देऊळ आणि फोटोची छाटणी

भिगवण सोडून पुणे-सोलापूर रस्त्याने इंदापूरकडे निघाले, की डाव्या हाताला उजनीचे पाणी सोबतीला येते. याच वाटेवर पळसदेव लागते. रस्त्यालगत दिसते ते नवे गाव. जुने पळसदेव खाली भीमेच्या काठी होते. 1980 साली उजनी धरण पुरे झाले आणि जुन्या गावाची जागा जलाशयाने घेतली. घरे गेली, काळी रानेही गेली. पळसनाथाचे दगडी देऊळ मात्र पाण्यातही उभे राहिले.

उजनीत सुमारे 117 टीएमसी पाणी मावते. त्यातले 63 टीएमसीच्या आसपास मृतसाठा. पाणी त्याच्याही खाली उतरले, म्हणजे आपण म्हणतो धरण उणे गेले. उणे आकडा बराच वाढला, की आधी देवळाचे शिखर दिसू लागते, मग मंडप, आणि शेवटी पायथ्याची जमीन. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले होते. तेव्हा देऊळ उघडे पडले आणि लांबलांबून माणसे पाहायला आली. दुष्काळाचे साल आपल्याला वाईट, पण त्या गावच्या माणसांना आपला देव भेटतो तो अशाच साली.

देऊळ हेमाडपंती वळणाचे. खाली काळ्या पाषाणाचे काम, वर विटांचे शिखर. आसपास वीरगळ आहेत. पाण्याने दगडांवर पट्टे उमटवले आहेत. सभोवार भेगाळलेला गाळ पसरलेला असतो आणि त्यात घरांची जोती, पडक्या भिंतींचे दगड दिसतात. जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत ओला असतो. पाय मांडीपर्यंत जातो. गावातला माहीतगार बरोबर असल्याशिवाय उतरू नये, आणि पडक्या कामावर चढू तर मुळीच नये.

तिथे आलेला प्रत्येक जण मोबाईल काढतो. बहुतेकांचे फोटो सारखेच येतात. भर दुपारी काढलेले, शिखर मधोमध, पुढे स्वतःचा चेहरा. घरी जाऊन पाहावे तर दगड नुसता काळा ठिक्कर दिसतो. काळ्या दगडाला तिरपे ऊन लागते. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर उभे राहा. कोरीव कामाच्या कडेला सावली पडते आणि नक्षी उठून दिसते.

दुसरी गोष्ट, जवळ जाऊन मोबाईल वर करू नका. तसे केले की शिखर मागे कलल्यासारखे दिसते. वीस-तीस पावले मागे या आणि मोबाईल सरळ उभा धरा. पाण्याची कड आडवी, समतल राहू द्या. ती तिरपी झाली तर धरण सांडते आहे असे वाटते. आम्ही पिकाच्या प्रात्यक्षिकाचा फोटो काढताना ताटाजवळ माणूस उभा करतो, म्हणजे ज्वारी किती वाढली ते कळते. देवळाजवळही एखादा माणूस उभा असू द्या. तो पायथ्याशी हवा, अगदी समोर नको.

आता काटछाटीचे. मोबाईलमध्ये फोटोच्या कडा कापता येतात, हे घरातल्या पोरांना चांगले ठाऊक असते. पण ही छाटणी डाळिंबाच्या छाटणीसारखी आहे. कात्री चालवणे सोपे, कोणती फांदी ठेवायची हे कळणे अवघड. वरचे पांढरे रिकामे आभाळ थोडे कमी केले तरी चालते. कडेला आलेली प्लास्टिकची पिशवी, कुणाचा अर्धा हात, हे काढावे. शिखराचे टोक आणि पायऱ्या मात्र कापू नयेत. तिसऱ्या हिश्शाइतकी जमीन पायाशी राहू द्यावी.

जमीन का ठेवायची, याला कारण आहे. तिथे एका तरुणाने गाळ, दगड, जोती सगळे कापून नुसते शिखर आणि निळे पाणी एवढेच ठेवले होते. चित्र देखणे होते. शेजारी नव्या गावचे एक वयस्कर गृहस्थ उभे होते. त्यांनी फोटो निरखून पाहिला, छान म्हणाले, आणि यात आमची आळी कुठे आहे असे विचारले. त्यांच्या घराचे जोते देवळाच्या बाजूलाच होते आणि तेच कापले गेले होते. सुदैवाने मूळ फोटो मोबाईलमध्ये होता. त्यात जोते सापडले तेव्हा त्यांनी बोट ठेवून ओटा कुठे, गोठा कुठे, हे सांगितले. देवळाकडे मग कुणी पाहिले नाही.

म्हणून कापायचा तो नेहमी दुसऱ्या प्रतीवर. मूळ फोटो तसाच जपावा. पाण्याचे पट्टे, ढासळलेला कोपरा, उघडी पडलेली वीट, हे दोष म्हणून काढू नका. वास्तूवर काय गुदरले, ते याच खुणा सांगतात.

पळसदेव लांब असेल, पण पडका वाडा, जुनी चावडी, बारव, मोटेची विहीर प्रत्येक गावात आहे. पुढच्या पावसाळ्यात यातले काय उभे राहील, सांगता येत नाही. सवड काढून चार फोटो घ्या. एक समोरून अंगणासकट, एक कोपऱ्यावरून दोन्ही भिंती दिसतील असा, एक दाराचा, आणि एक जवळून, कोरीव कामाशेजारी हात ठेवून. छापून घेऊन मागे गावाचे नाव, जागा आणि तारीख लिहा. मोबाईल बिघडतो, कागद पेटीत राहतो. त्या जागी कोण राहत होते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून त्याच कागदावर लिहून ठेवा.