मनूच्या मासिकाची पानं

पुणे ३०

चि. मनू हिस,


तुझ्या 'आलाप'ची पानं मिळाली. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मधला दोन पानी लेख, सगळं नीट पाहिलं. सोबत बाईंनी वर्गात दिलेली यादीही होती: नाव वर, चेहरा मोठा, नजर थेट वाचकाकडे, रंग मोजके, बारकोड कोपऱ्यात. तुझा प्रश्न असा की हे सगळं ठरवलं कुणी, आणि हिंदुस्थानी संगीताच्या मासिकाने ते का पाळायचं? इतकी वर्षं मी लोकांच्या मासिकांची, दिवाळी अंकांची पानं लावली, पण हा प्रश्न विचारणारे संपादक मला फारसे भेटले नाहीत. म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहिते आहे.

कुणा एकाने काही ठरवलेलं नाही. दुकानातल्या फळीने, छापखान्याने आणि जाहिरातदाराने मिळून ठरवलं, आणि मग त्याला शिक्षकांनी नियम म्हटलं.

फळीचंच बघ. तुमच्याकडे लेस्टरला दुकानात मासिकं एकावर एक सरकवून ठेवतात, त्यामुळे प्रत्येकाची वरची नाहीतर डावीकडची पट्टी तेवढी दिसते. नाव तिथे नसेल तर मासिक दुकानात असून नसल्यासारखं. १९८६ मध्ये मार्क एलन आणि डेव्हिड हेपवर्थ यांनी 'क्यू' हे संगीताचं मासिक काढलं. तबकडी वाजवायला सज्ज करणं या अर्थाने आधी तीन अक्षरी 'Cue' हे नाव ठरलं होतं. पण त्याच शब्दाचा अर्थ स्नूकरची काठी असाही होतो, आणि मासिक खेळाचं वाटेल म्हणून एकच अक्षर ठेवलं. एक अक्षर फळीवर जास्त मोठं दिसतं, हा फायदा वेगळाच. लाल चौकोनात पांढरं अक्षर, डाव्या कोपऱ्यात वर. गिऱ्हाईक कोण, हेही त्या चौकोनात कळतं: सीडी नव्याने आल्या होत्या, जुने आवडते अल्बम पुन्हा सीडीवर विकत घेणारा, नोकरीला लागलेला माणूस. त्याला गुळगुळीत कागद आणि शांत मांडणी हवी होती. आपल्याकडे अप्पा बळवंत चौकातल्या स्टॉलवर दिवाळी अंक दोरीला चिमटे लावून टांगतात. तिथे अख्खं मुखपृष्ठ दिसतं, म्हणून दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराला पूर्ण पान मिळू शकलं. (आतल्या मजकुराशी काडीचा संबंध नसलेली सुंदर बाई मुखपृष्ठावर बसवण्याची सवयही तिथूनच लागली असणार, असा मला संशय आहे.)

आता जाहिरातदार. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' म्हणजे 'एनएमई' १९५२ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरच्या अंकात ब्रिटनमधली विक्रीवर आधारलेली पहिली गाण्यांची क्रमवारी आली. पर्सी डिकिन्स यांनी सुमारे वीस दुकानांना फोन करून कोणती तबकडी किती खपते ते विचारलं आणि यादी छापली. गायक अल मार्टिनो पहिल्या क्रमांकावर होता. डिकिन्स जाहिरात विभाग सांभाळायचे, हे लक्षात ठेव. तबकड्यांच्या कंपन्यांनी जाहिराती द्याव्यात म्हणून ही चौकट जन्मली. आज तुझ्या वर्गातली मुलं मासिकाच्या पानावर 'टॉप टेन'ची पट्टी शोभेसाठी टाकतात, पण तिच्या मुळाशी हिशेब होता. तू ती टाकलेली नाहीस, बरं केलंस. ख्यालाची क्रमवारी कसली लावणार?

पण संगीताच्या मासिकाची खरी अडचण याहून जुनी आहे. कागदाला आवाज नसतो. बातम्यांचं मासिक बातमी देतं, पाककृतींचं मासिक कृती देतं. संगीताचं मासिक संगीत सोडून बाकी सगळं देतं, आणि तरी वाचणाऱ्याला 'हे माझं गाणं आहे' असं पान उघडायच्या आधी वाटायला हवं. म्हणून तिथे अक्षरांना वाजावं लागतं. १९८१ मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाची विशेष पुरवणी म्हणून 'केरँग!' निघालं. गिटारचा एक जोरदार झंकार उमटतो तो आवाज म्हणजे त्याचं नाव, आणि नावाची अक्षरं तडे गेलेल्या काचेसारखी. हेवी मेटल कधी न ऐकलेल्या माणसालाही आत काय आहे ते समजतं. दुसऱ्या टोकाला पानं मांडणारा डेव्हिड कार्सन. 'रे गन' मासिकासाठी त्याच्याकडे गायक ब्रायन फेरीची मुलाखत आली. त्याला ती कंटाळवाणी वाटली, तेव्हा त्याने अख्खी मुलाखत चांदण्या, बाण, फुल्या अशा चिन्हांच्या फाँटमध्ये छापून टाकली. वाचता येईल असा मजकूर त्याच अंकात मागे दिला. कलाशिक्षकांना ही गोष्ट फार आवडते. माझं मत विचारशील तर एखाद्या अंकात एकदा हे खपतं. मुलाखत देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने वेळ घालवलेला असतो, त्यावर पानं लावणाऱ्याने निकाल द्यायचा नसतो.

नजरेच्या नियमाबद्दल तुला जास्त शंका आहे आणि ती रास्त आहे. गिऱ्हाईक फळीवरून नजर फिरवतं तेव्हा आपल्याकडे पाहणाऱ्या चेहऱ्यापाशी ते थबकतं, एवढाच त्यामागचा व्यवहार. पण 'रोलिंग स्टोन'चा २२ जानेवारी १९८१ चा अंक काढून बघ. ॲनी लीबोविट्झने त्यावरचा जॉन लेननचा फोटो ८ डिसेंबर १९८० ला काढला आणि त्याच रात्री त्याचा खून झाला. लेननचे डोळे मिटलेले, योको ओनो दुसरीकडे कुठेतरी बघते आहे. नजर कुणीच देत नाही आणि मुखपृष्ठावर मोठा मथळाही नाही. २००५ मध्ये अमेरिकन मासिक संपादकांच्या संघटनेने मागच्या चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून हेच निवडलं. तेव्हा बाई नजरेवरून गुण कापायला लागल्या तर हा अंक त्यांच्यापुढे ठेव.

आणि आपल्या गवयांचं काय? चांगल्या गायकाचा गाताना काढलेला फोटो आठव. डोळे मिटलेले, हात हवेत, तोंड काहीसं वाकडं. कॅमेऱ्याकडे पाहून हसणारा गवई गात नसतो. तुझ्या मुखपृष्ठावर मैत्रीण तानपुरा धरून गोड हसते आहे. तिची बोटं तारांवर नुसती टेकली आहेत, छेडत नाहीत, हे तानपुरा लावलेल्या कुणालाही दिसेल. तिला खरोखरच तानपुरा लावायला बसव. एक हात खुंटीवर, कान तारांकडे, कपाळावर आठी. मधल्या दोन तारांची जोड जुळत नसताना माणसाचा चेहरा जसा होतो, तसा चेहरा दुसऱ्या कुठल्याच मासिकाच्या मुखपृष्ठावर मिळणार नाही.

आता तुझ्या नावाकडे येते. 'आलाप' हे नाव छान, पण ती रोमन अक्षरं! डोक्यावर आडवी रेघ ओढून त्यांना देवनागरीचं सोंग दिलं आहे. तुमच्या लेस्टरमधल्या निम्म्या करीच्या हॉटेलांच्या पाट्या तशाच असतील. मागे मंडल, भोवती केशरी रंग. मनू, हे कपडे दुसऱ्यांनी आपल्याला शिवलेले आहेत. देवनागरी हवी असेल तर खरी वापर, चांगल्या फाँटमध्ये, मोठी. नसेल तर साधं रोमन अक्षर घे. शिरोरेखा अक्षराचा भाग असते, वरून घातलेली टोपी नव्हे.

आपल्याकडे संगीताची मासिकं होती आणि आहेत, पण त्यांची मुखपृष्ठं अशी ओरडत नाहीत. हाथरसहून काका हाथरसी यांचं 'संगीत' १९३५ पासून निघू लागलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' आहे, प्रा. बी. आर. देवधर त्याचे संपादक होते. अशा मासिकांचा वाचक बहुतांशी वर्गणीदार. अंक पोस्टाने घरी येतो, त्याला फळीवर कुणाशी झुंजायचं नसतं. त्यांची सगळी कसरत आतल्या पानांवर, स्वरलिपी छापण्यात. भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकाला स्वराखाली बिंदू, तार सप्तकाला वर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. त्यात देवनागरीच्या मात्रा आणि रफार. वरचा बिंदू मात्रेला चिकटला की कुठला स्वर म्हणायचा ते कळेना. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांनी हे काम कसं केलं असेल, याचं मला आजही नवल वाटतं. तुझ्या अनुक्रमणिकेत एका बंदिशीची स्वरलिपी द्यायचं ठरलंय, तर ओळींमधली जागा आत्ताच दीडपट कर.

म्हणजे शेवटी प्रश्न उरतो तो हा, की 'आलाप' विकायचं कुठे? तू वहीत 'वाचक: १४ ते १९ वयाची मुलं' एवढंच लिहिलं आहेस. विकत कोण घेणार, ते लिहिलेलं नाही. लेस्टरमध्ये गाणं शिकणाऱ्या मुलीसाठी पैसे तिची आई मोजणार, वाचणार मुलगी. दोघींना मुखपृष्ठावर काहीतरी मिळालं पाहिजे. आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात नाही खपायचं, खपेल ते मैफिलीच्या मध्यंतरात टेबलावर. तुमच्याच गावात २००६ मध्ये दरबार महोत्सव सुरू झाला. तिथला श्रोता डोळ्यापुढे आण. टेबलावर अंक आडवे मांडलेले असतात, अख्खे दिसतात. मग नाव डाव्या कोपऱ्यातच हवं असं राहत नाही, मथळ्यांची गर्दीही निम्म्याने कमी करता येते. बाईंचा नियम तू मोडलास असं होणार नाही. नियम ज्या जागेसाठी होता ती जागाच तू बदललीस, आणि का बदललीस ते तुला सांगता येईल.

दोन पानी लेख मिरजेच्या तानपुऱ्यांवर आहे, याचा मला फार आनंद झाला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते चौकटीत घाल. तानपुरा दोन्ही पानांवर आडवा ठेवण्याची कल्पनाही उत्तम, वाद्याची लांबी पानाला मिळाली. फक्त तारा शिवणीवरून नेऊ नकोस. घडी घालताना केसाएवढी चूक झाली तरी तार तिथे तुटलेली दिसते. शिवणीवर नुसता लाकडी दांडीचा भाग येऊ दे, आणि भोपळा, घोडी, जवारी सगळं एका पानावर राहू दे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा बारीक मजकूर टाकला आहेस, तो पडद्यावर सुरेख दिसतो. छापताना शाई पसरते आणि अक्षरांची पोटं भरतात. दोन पॉइंटांनी मोठा कर, किंवा सरळ पांढऱ्यावर काळा घे. तो झगझगीत निळा रंगही चार शाईंत उतरणार नाही, मळका होईल.

दादा म्हणतो, मासिकं बंद पडत चालली असताना मुलांना हे शिकवतात कशाला. खरं आहे, 'एनएमई'चा छापील साप्ताहिक अंक २०१८ मध्ये थांबला, 'क्यू' २०२० मध्ये बंद झालं. पण फोनवर गाणी ऐकताना अंगठ्याच्या नखाएवढा जो चौकोन दिसतो, तोही मुखपृष्ठच आहे, आणि 'क्यू'चा लाल चौकोन तिथे आजही ओळखू येईल. दादाला हे माझं नाव घेऊन सांग.

आता लगेच करायचं ते एवढंच: पानं खऱ्या आकारात कागदावर छाप, घडी घालून दोन पिना मार आणि टेबलावर ठेवून दहा पावलांवरून बघ. मैत्रिणीकडून फोटो वापरायची लेखी परवानगी घे आणि फोटो काढणाऱ्याचं नाव फोटोशेजारी छाप, हे आपल्याकडे फार जण विसरतात. नवा फोटो झाला की स्वरलिपीच्या पानासकट एक प्रत मला पोस्टाने पाठव. बिंदू मी तपासून देते.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या