अकरा नावं लिहा पाहू!

मित्रांनो, एक कागद घ्या आणि पेन्सिल घ्या. पेन नको हं, पेन्सिलच घ्या, कारण खोडरबर लागणार आहे! आता समजा, फुटबॉलची मोठी स्पर्धा तोंडावर आली आहे आणि देशाचा संघ निवडायचं काम नेमकं तुमच्याच गळ्यात पडलं आहे. लिहा पाहू अकरा नावं!

सोपं वाटतं ना? पहिली सहा-सात नावं भराभर उतरतात. आठव्या नावाला पेन्सिल जरा अडखळते. दहाव्या नावाला खोडरबर हातात येतं. आणि अकरावं नाव लिहिताना डोळ्यांसमोर तीन खेळाडू उभे राहतात, जागा मात्र एकच उरलेली असते!

हा खेळ मी कित्येक वर्षं खेळत आलो आहे. विश्वचषक जवळ आला की आमच्या घरी वहीची मधली पानं फाडली जातात आणि लहानथोर सगळे आपापला संघ लिहून काढतात. भांडणंही होतात, अगदी चहा गार होईपर्यंत! या खेळाचे आमच्याकडे दोन नियम आहेत. पहिला नियम असा, की नावं सामन्याच्या आधी लिहायची. सामना झाल्यावर ‘मला वाटलंच होतं’ असं म्हणायची सोय नाही. दुसरा नियम शेवटी सांगेन, कारण तो जरा अवघड आहे.

आता तुम्ही म्हणाल, ‘त्यात काय एवढं? सगळ्यांत चांगले अकरा खेळाडू घ्यायचे, झालं!’ बरं, मग एक सांगा. क्रिकेटच्या संघात तुम्ही अकराही जण फलंदाज घ्याल का? नाही ना? गोलंदाजी कोण करणार? यष्टींमागे कोण उभं राहणार? फुटबॉलचंही तसंच आहे. २०२२ साली कतारमध्ये विश्वचषक झाला, तेव्हा प्रत्येक देशाला २६ खेळाडू नेता आले. त्या २६ मधला प्रत्येक जण आपल्या गावातला, आपल्या क्लबातला हिरोच असतो. पण मैदानात पहिल्या शिट्टीला उभे राहतात फक्त अकरा. एक गोल राखणार, काही जण बचाव करणार, काही मधली फळी सांभाळणार आणि काही पुढे धावणार. अकरा चांगले खेळाडू आणि अकरा जणांचा चांगला संघ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कधी कधी मात्र या दोन्ही गोष्टी जुळवून आणणारा कुणी भेटतो. १९७० च्या मार्च महिन्यात, म्हणजे विश्वचषकाला तीन महिनेसुद्धा उरले नव्हते तेव्हा, ब्राझीलने आपला प्रशिक्षक बदलला. नवे प्रशिक्षक होते मारिओ झागालो. त्यांच्यापुढे पेच काय होता म्हणाल, तर खेळाडू कमी असल्याचा नव्हे, जास्त असल्याचा! पेले, टोस्टाव, जेर्सन, रिव्हेलिनो, जैर्झिन्हो, सगळेच आपापल्या क्लबात हल्ल्याची सूत्रं हलवणारे. एका संघात इतके सूत्रधार कसे मावणार? झागालोंनी कुणालाच वगळलं नाही, प्रत्येकाला थोडं थोडं सरकवलं. रिव्हेलिनोला डाव्या बाजूला पाठवलं. मधल्या फळीतल्या पियाझाला तर थेट बचावात उभं केलं. ब्राझीलने सहाच्या सहा सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात इटलीचा ४-१ असा फडशा पाडला. पियाझाचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. पण तो आपली आवडती जागा सोडून मागे गेला म्हणून पुढच्या पाच जणांची सोय लागली, हे विसरू नका बरं का.

आता आपल्या देशाची गोष्ट. हो, फुटबॉलमधलीच!

१९६२ साली जाकार्ताला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. भारतीय संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे हे रहीमसाहेब मुळात शाळेत शिकवणारे. त्यांचा कर्णधार होता चुनी गोस्वामी. सुरुवातच वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असं हरवलं. पुढच्या सामन्यात भारताने थायलंडला ४-१ असं हरवलं खरं, पण त्यात जर्नेलसिंग जखमी झाला. त्याच्या डोक्याला सहा टाके पडले. जर्नेलसिंग म्हणजे आपल्या बचावाची भिंत. आणि बचावाच्या मधोमध खेळणाऱ्याला उंच येणारे चेंडू सारखे डोक्याने परतवावे लागतात. टाके पडलेल्या डोक्याने हे कसं जमायचं?

जपानविरुद्धचा सामना भारताने त्याच्याशिवाय २-० असा जिंकला. मग आला उपान्त्य सामना, दक्षिण व्हिएतनामशी. तुम्ही काय केलं असतंत? जर्नेलला विश्रांतीच दिली असती ना? रहीमसाहेबांनी त्याला खेळवलं, पण बचावात नाही, थेट आघाडीवर! जर्नेल तरुणपणी आघाडीवर खेळायचा, हे त्यांच्या लक्षात होतं. जर्नेलने त्या सामन्यात गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकला.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला होता आणि समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया. त्यातून प्रेक्षक आपल्यावर रागावलेले! इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. त्यावर गुरुदत्त सोंधी या भारतीय पदाधिकाऱ्याने जाहीर आक्षेप घेतला होता, त्याचा तो राग. सुमारे लाखभर लोकांच्या आरोळ्या आणि त्यात खेळायचे अकरा जण.

त्या दिवशी रहीमसाहेबांनी आणखी एक बदल केला. गोलरक्षक प्रद्योत बर्मन आधी चांगला खेळला होता. तरीही अंतिम सामन्यासाठी त्यांनी पीटर थंगराजला उभं केलं. थंगराज नुकताच तापातून उठला होता! पण तो उंचच उंच होता आणि उंचावरून येणारे चेंडू झेलण्यात तरबेज होता. जर्नेल पुन्हा आघाडीवर. मधल्या फळीत होता फॉर्च्युनाटो फ्रँको, गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला. विसाव्या मिनिटाला दुसरा गोल झाला. कुणी केला असेल? डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगने! अखेरीला कोरियाने एक गोल फेडला, पण भारत २-१ असा जिंकला आणि सुवर्णपदक आपलं झालं. पुढच्याच वर्षी, १९६३ च्या जूनमध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने गेले. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर भारताला पुन्हा मिळालेलं नाही.

ही गोष्ट सांगताना सगळे जर्नेलसिंगपाशी थांबतात. मी मात्र दर वेळी प्रद्योत बर्मनपाशी थांबतो. त्याची काय चूक होती? काहीच नाही! तो वाईट खेळला म्हणून बाहेर गेला नाही. त्या एका दिवशी, त्या एका प्रतिस्पर्ध्यासमोर, दुसऱ्याची उंची संघाला जास्त हवी होती, एवढंच. ‘एवढंच’ म्हणायला सोपं आहे. पण सकाळी आपलं नाव यादीत नाही हे ऐकणाऱ्याला ते ‘एवढंच’ नसतं.

मी हे पुस्तकातलं वाचून सांगत नाही. शाळेच्या फुटबॉल संघात मी कायम बारावा असायचो. नोटीसबोर्डावर यादी लागायची. मी वरून अकरा नावं वाचायचो आणि मग रेघेखालचं आपलं नाव बघायचो, ‘राखीव’ या शब्दापुढचं. घरी गेल्यावर आई विचारायची, “घेतलं का रे?” मी म्हणायचो, “घेतलंय, पण राखीव.” त्यातला ‘पण’ घशातून बाहेर यायला वेळ लागायचा. का वगळलं, ते मला कुणी कधी सांगितलं नाही. वगळल्यापेक्षा ते न सांगणंच मला जास्त लागायचं.

म्हणूनच मला इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजची गोष्ट जवळची वाटते. १९६६ चा विश्वचषक इंग्लंडमध्येच होता. ग्रीव्हज म्हणजे त्यांचा गोलांचा राजा. देशासाठी ५७ सामन्यांत ४४ गोल, अशी त्याची शेवटची बेरीज आहे! पण फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात त्याच्या पायाला जखम झाली आणि १४ टाके पडले. त्याच्या जागी आला जेफ हर्स्ट. हा त्याच वर्षी फेब्रुवारीत देशासाठी पहिला सामना खेळलेला, अगदी नवखा. अर्जेंटिनाविरुद्ध एकमेव गोल हर्स्टने केला. पोर्तुगालविरुद्धही इंग्लंड जिंकलं. आता अंतिम सामना आला आणि ग्रीव्हजचा पाय बरा झाला होता!

प्रशिक्षक आल्फ रॅमसे यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. देशातला सगळ्यांत मोठा गोलवीर, की जिंकत आलेला संघ? आणि एक लक्षात घ्या, त्या वेळी विश्वचषकात बदली खेळाडू उतरवायची परवानगीच नव्हती. ती १९७० पासून मिळाली. म्हणजे जो बाहेर बसला, तो पूर्ण बाहेर! रॅमसेंनी जिंकत आलेला संघ बदलला नाही. ग्रीव्हजने अंतिम सामना कोट-टाय घालून मैदानाच्या कडेला बसून पाहिला. पश्चिम जर्मनीविरुद्ध इंग्लंड जादा वेळेत ४-२ असं जिंकलं आणि हर्स्टने तीन गोल केले.

सगळे म्हणाले, रॅमसेंची निवड अचूक होती. पण जरा थांबा. त्या सामन्यात ८९ व्या मिनिटाला जर्मनीने २-२ अशी बरोबरी साधली होती. जादा वेळेत जर जर्मनीने गोल केला असता, तर? मग तीच माणसं म्हणाली असती, ‘ग्रीव्हजला बाहेर ठेवून घात केला!’ निवड तीच, कारणं तीच, फक्त निकाल वेगळा. निवडणाऱ्याला सामन्याच्या आधी ठरवावं लागतं आणि आपण मात्र त्याला सामन्यानंतर मार्क देतो. म्हणून तर आमच्या घरचा पहिला नियम आहे!

आणखी एक गोष्ट ऐका. त्या दिवशी विजेत्यांची पदकं मिळाली फक्त मैदानात उतरलेल्या अकरा जणांना. बाकीच्यांना काहीच नाही. ग्रीव्हजसारख्या बाहेर बसलेल्यांना ती पदकं मिळाली २००९ साली, म्हणजे तब्बल ४३ वर्षांनी! संघ २२ जणांचा होता आणि सराव २२ जणांनी केला होता, हे मान्य करायला इतकी वर्षं लागली.

आई-बाबांनो, तुम्हीही हे पान वाचत असाल, तर तुमच्याशी दोन शब्द. यादीत नाव नसलं की आपण पटकन दोनपैकी एक काहीतरी बोलतो. ‘तुझ्यावर अन्याय झाला,’ नाहीतर ‘तू मेहनत कमी केलीस.’ कधी कधी यातलं एक खरंही असतं. पण पुष्कळदा दोन्ही खोटं असतं. बर्मनवर ना अन्याय झाला होता, ना तो आळशी होता. तेव्हा निवाडा करण्याआधी जरा विचारावं, ‘त्यांना कोणत्या कामाला कोण हवं होतं?’ आणि उत्तर माहीत नसेल, तर सरांना किंवा बाईंना जाऊन नीट विचारायला मुलाला धीर द्यावा. भांडायला नव्हे हं, समजून घ्यायला.

आता आमचा दुसरा नियम. अकरा नावं लिहून झाली की खाली एक रेघ मारायची आणि बारावं नाव लिहायचं, म्हणजे ज्याला अगदी शेवटी वगळलं त्याचं. त्याच्यापुढे एका वाक्यात कारण लिहायचं. अट अशी, की ते वाक्य त्याच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे. ‘तो बेकार आहे’ चालणार नाही, कारण बेकार असता तर बाराव्या नंबरापर्यंत आलाच नसता! करून बघा. अकरा नावांना दहा मिनिटं लागतात. त्या एका वाक्याला आमच्याकडे अख्खी संध्याकाळ गेलेली आहे.

विश्वचषकाची वाट बघत बसायची गरज नाही. तुमच्या गल्लीचा संघ घ्या, वर्गाचा घ्या, नाटकातली पात्रं निवडायची असतील तर तीही घ्या. आणि बाराव्या नावापुढचं वाक्य लिहून झालं, की ज्याचं ते नाव आहे, त्याला ते स्वतः जाऊन सांगा. चिठ्ठी पाठवू नका. त्याने उलट प्रश्न विचारले तर उत्तरं द्या. आणि उत्तर देता आलं नाही, तर खोडरबर आहेच तुमच्या हातात!