आयडलिंगचा सूर

चार स्ट्रोकच्या तीन सिलेंडरी इंजिनात क्रँकशाफ्ट २४० अंश फिरला की एक ज्वलन होते. त्यामुळे अॅक्सिलरेटरवर पाय नसताना, म्हणजे गॅरेजच्या भाषेत आयडलिंगला, मारुती ८०० चे इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला साडेबावीस ज्वलने होतात, आणि माणसाच्या कानाची खालची मर्यादा सेकंदाला वीस कंपनांच्या आसपास असल्याने तो आवाज धड सूरही नसतो आणि धड सुटे ठोकेही नसतात. १९९४ सालची कार्बोरेटरची ८०० आजही रोज चालवणाऱ्या आणि तिचे ट्युनिंग इतर कोणाच्याही हाती न देणाऱ्या माणसाला आयुष्यभर जी एक गोष्ट पुरती वश होत नाही, ती या सीमेवरच्या आवाजात दडलेली असते.

अडचण मिश्रणाच्या स्क्रूची आहे. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असताना तिच्याखालच्या बारीक छिद्रातून जे पेट्रोल ओढले जाते, त्याचे प्रमाण हा स्क्रू ठरवतो. तो आत घेतला की मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळते, बाहेर काढला की रेस चढते आणि आणखी काढला की इंजिन जड, सुस्त होते. कमाल रेस सापडली की तिथून किंचित आत यावे, एवढीच रीत आहे. परंतु ही कमाल म्हणजे टोकदार शिखर नसून सपाट पठार असते, अर्धा फेरा इकडे किंवा तिकडे झाला तरी काटा हलत नाही, आणि त्या अर्ध्या फेऱ्यातच गाडीचे अॅव्हरेज, सकाळचे पहिले स्टार्टिंग आणि चढावरचा पिकअप ठरतो. त्यात तीन सिलेंडरच्या रचनेत वर-खाली जाणाऱ्या पिस्टनांचे बल एकमेकांना रद्द करत असले, तरी इंजिनाची दोन टोके आळीपाळीने उचलणारे आंदोलन उरतेच. ८०० चे गिअरच्या दांड्यापर्यंत पोहोचणारे थरथरणे ते हेच. हे जन्मजात थरथरणे कुठे संपते आणि एका सिलेंडरचे मिसिंग कुठे सुरू होते, हे ओळखण्यात तीस वर्षे गेली तरी खात्री येत नाही.

डोंगराळ मुलुखात ही गाडी ठेवणाऱ्यांना दुसरा पेच ठाऊक असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण आठव्या भागाने विरळ असते. कार्बोरेटरला हे कळण्याची सोय नसल्याने तो पेट्रोल जवळपास तेवढेच सोडतो आणि मिश्रण दाट होते. वाईत लावलेला स्क्रू पसरणी घाट चढून पाचगणीत पोहोचेपर्यंत चुकीचा ठरतो. प्रस्तुत लेखक कैक वर्षे पाचगणीत बॉनेट उघडून पाव फेरा आत घेत असे आणि परतल्यावर तो पुन्हा बाहेर काढत असे. त्याची गरज होती की नव्हती हा प्रश्न निराळा. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या लोकांनी हे पाहावे अशी इच्छा त्यात होती, हे मान्य केले पाहिजे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले; दरम्यान कार्बोरेटर जाऊन संगणकाने पेट्रोल फवारणारी एमपीएफआय यंत्रणा आली. या बदलाने गाडी चांगली झाली, यात शंका नाही. परंतु ज्यांनी स्कॅनर जोडल्यावाचून इंजिनाकडे पाहिलेच नाही, असे आजचे बरेचसे कारागीर कार्बोरेटर समोर आला की तो बदलूनच टाकायला सांगतात, आणि जुन्या गाड्या चकचकीत करून ट्रेलरवरून प्रदर्शनाला नेणारे हौशी लोक त्यांना जपतात असे मानले जाते, हे दोन्ही खेदाचे आहे. १४५ रुंदीच्या टायरांवरची बारा इंची चाके बाजारातल्या खड्ड्यांतून सांभाळत नेणे, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेणे आणि तपासणीच्या रांगेत उभे राहणे, हेच जपणे होय.

इंधन बदलले तेव्हा जुन्या सवयींना धक्का बसला. देशात २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांवर पोहोचले आणि पुढच्या वर्षापासून वीस टक्क्यांचे मिश्रण पंपांवर येऊ लागले. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊ पट. म्हणून तेच जेट आणि तोच स्क्रू ठेवला तर जुन्या गाडीचे मिश्रण आपोआप पातळ होते, शिवाय जुन्या काळच्या रबरी नळ्याही लवकर खराब होतात. ही तक्रार खरी आहे आणि ती मागे घेण्याचे कारण नाही.

पण याच तक्रारीच्या आडोशाला एक चूक दीड वर्ष लपून राहिली. स्क्रूच्या दोन-अडीच फेऱ्यांवर शांत बसणारे इंजिन हळूहळू तीन, साडेतीन, शेवटी चार फेरे मागू लागले, आणि प्रत्येक वेळी दोष इंधनावर टाकून स्क्रू बाहेर काढला गेला. पीयूसीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या मर्यादेपुढे गेला, तेव्हा यंत्रच बिघडले असावे असे ठामपणे सांगण्यात आले. प्लग काढले तेव्हा दोन काळे आणि तिसऱ्या सिलेंडरचा पांढरट निघाला. असे प्लग पाहून कोणत्याही होतकरू पोऱ्यानेसुद्धा एकाच सिलेंडरला जास्तीची हवा मिळत आहे असे म्हटले असते. परंतु पाहणाऱ्याचे मत आधीच ठरले होते.

तोवर भाची गाडीचे काम शिकायला येऊ लागून तीन महिने झाले होते. चालू इंजिनावर वाकून ती म्हणाली, "मामा, इथे सूंऽ असं काहीतरी वाजतंय." मामाला तिथे काहीही ऐकू येत नव्हते. तिने इनटेक मॅनिफोल्ड आणि सिलेंडर हेड यांच्या सांध्यावर, तिसऱ्या सिलेंडरच्या बाजूला, कार्ब क्लीनरचा फवारा मारला आणि त्याच क्षणी रेस बदलली. गास्केट फुटले होते आणि आत खेचली जाणारी हवा शीळ घालत होती. वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीचे आवाज सोडतो, हे वाचून माहीत होते. शीळ ही त्याच पट्टीतली, हे मात्र कधी मनात आले नव्हते. एका उपाशी सिलेंडरला पुरावे म्हणून उरलेल्या दोघांना दीड वर्ष गरजेपेक्षा जास्त पाजले गेले, आणि कानावरच्या ज्या विश्वासाची चारचौघांत फुशारकी मारली जात असे, त्यानेच हे घडवले.

गास्केट बदलल्यावर स्क्रू पावणेतीन फेऱ्यांवर स्थिरावला. जुन्या जागेपासून सरकलेला हा थोडासा वाटा बहुधा इथेनॉलचा. आता स्क्रू भाची लावते. एअर क्लीनरच्या डब्यावर तळहात ठेवून सेकंदाची साडेबावीस ज्वलने अजून मोजल्यासारखी जाणवतात, कारण तेवढ्या खालच्या पट्टीसाठी कान लागत नाही, हात पुरतो. ती घरी गेल्यावर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाव फेरा आत, पाव फेरा बाहेर करून पाहण्याची सवय मात्र सुटलेली नाही, आणि बहुतेक संध्याकाळी तो तिने ठेवला होता तिथेच परत आणावा लागतो.